सगळ्याच कुंड्या हॉलमध्ये कशाला?

*मध्य न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देत आहोत. त्यांच्या डेकवर आणि मागच्या अंगणात पंचवीसेक कुंड्या आहेत: कढीपत्ता, मोगरा, दोन जास्वंदी, तुळस, जिरेनियम, बोगनवेल, हळद, शिवाय वाफ्यात अळू आणि डेलिया. कढीपत्ता चौदा वर्षांचा. त्या या देशात नवीन असताना शेजारच्या मावशींनी मुळाशी आलेला फुटवा काढून दिला होता. मोगरा सासूबाईंनी हौसेने लावलेला, त्या आता नाहीत. दर ऑक्टोबरात सगळ्या कुंड्या मुलगा आणि यजमान उचलून हॉलमध्ये आणत. यंदा मुलगा कॉलेजला गेला, यजमानांच्या मणक्याचा त्रास वाढलाय आणि त्यांनी "या वर्षी एकही कुंडी आत येणार नाही" असं सांगून टाकलंय. गेल्या हिवाळ्यात एक जास्वंद पांढऱ्या माशीने गेली, कढीपत्त्याची पानं गळाली, "पाणी वाढवलं तरी गळतच राहिली". यंदा डिसेंबरच्या मध्यापासून सहा आठवडे लग्नासाठी पुण्याला जायचंय. फ्लोरिडातली बहीण म्हणते, टाकून दे सगळं, वसंतात मी कढीपत्त्याचं नवं रोप पाठवते. त्या लिहितात: "जिवंत झाडं थंडीत मरायला सोडून जाणं मला जमणार नाही. ह्यांना झाडांचं काही देणंघेणं नाही. मी काय करू?"*

ताई,

तुमचं पत्र वेळेवर आलं. सप्टेंबर अजून अर्धा शिल्लक आहे आणि तुमच्या भागात पहिला फ्रॉस्ट (रात्री दव गोठवणारी थंडी) साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरीपर्यंत कधीतरी पडतो. म्हणजे हातात चार-पाच आठवडे आहेत. घाबरून एका रात्रीत सगळं आत ओढण्यापेक्षा या आठवड्यांत बरंच काही नीट करता येईल.

आधी यजमानांबद्दल. त्यांना देणंघेणं नाही असं तुम्ही म्हणता, पण इतकी वर्षं दर ऑक्टोबरात उचलायला तेच होते हेही तुम्हीच लिहिलंय. ज्याला झाडांचं काही नाही तो माणूस ओल्या मातीची कुंडी घेऊन दरवर्षी पायऱ्या चढत नाही. त्यांचा नकार मला तरी झाडांना वाटत नाही. तो वजनाला आहे, आणि मुलाशिवाय हे पहिल्यांदाच करायचंय याला आहे. म्हणून "झाडं हवीत की नकोत" हा प्रश्न घरात काढूच नका. "जड कुंड्या किती आणि त्या कोण हलवणार" एवढंच बोला. त्याचं उत्तर निघतं.

दुसरं म्हणजे, सगळी झाडं आत आणायची किंवा सगळी मरू द्यायची, असे दोनच रस्ते तुम्ही धरून चालला आहात. तुमची यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यातल्या निम्म्याहून अधिक झाडांना तुमच्या हॉलची गरजच नाही. काहींना हिवाळ्यात झोपायचंय आणि त्यांना उबदार, उजळ खोलीत ठेवलं की त्यांची झोपमोड होते. काहींची फक्त फांदी किंवा बी ठेवलं तरी झाड राहतं. खिडकीतली जागा खरोखर लागते ती दोन-तीन झाडांना.

झोपणाऱ्यांपासून सुरुवात करते. हळदीची पानं पिवळी पडायला लागली की पाणी तोडा, पानं वाळू द्या आणि कुंडी तशीच बेसमेंटच्या कोपऱ्यात ढकला. मार्चपर्यंत तिच्याकडे बघायलाही नको. अळूची पानं फ्रॉस्टने काळी पडली की कंद खणून काढा, माती झटका, चार दिवस सावलीत सुकवा आणि कागदी पिशवीत किंवा कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घालून बेसमेंटमध्ये ठेवा. आठवणीने मधला मोठा गड्डा आणि बाजूची पिल्लं वेगळी ठेवा, वसंतात वाटायला सोपी जातात. डेलियाचंही असंच, फक्त त्याला आणखी थंड जागा लागते, ४० ते ५० फॅरनहाइट. गरम बेसमेंटमध्ये डेलियाचे कंद सुरकुतून जातात. फ्रॉस्टने वरचा भाग काळा पडला की खोड वीतभर ठेवून कापा, आठवड्याभराने कंद काढा, उलटे टांगून निथळू द्या आणि किंचित दमट कोकोपीटमध्ये खोक्यात भरून गॅरेजमध्ये ठेवा. पुण्याला निघण्याआधी एकदा उघडून बघा, मऊ पडलेला कंद दिसला तर तेवढाच कापून टाका.

बोगनवेलही गॅरेजमध्ये जाईल. थंडीत तिची सगळी पानं गळतील, ती काटेरी काड्यांचा जुडगा दिसेल, आणि तेच तिचं बरं असणं आहे. गॅरेज घराला लागून असेल तर आतल्या भिंतीकडे ठेवा, महिन्यातून एकदा घोटभर पाणी पुरे. मात्र गॅरेजमध्ये कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर आताच लावा. एखाद्या कडाक्याच्या रात्री आतलं तापमान गोठणबिंदूखाली जातं का हे अंदाजाने ठरवू नका. जात असेल तर बोगनवेल आणि डेलियाचं खोकं दोन्ही बेसमेंटच्या सर्वांत थंड भिंतीशी आणा.

दोन जास्वंदींपैकी एक कुंपणाशी लावलेली आहे असं लिहिलंय. तिची पानं नीट बघा. जाड, चकचकीत, गडद हिरवी असतील तर ती आपली नेहमीची जास्वंद, तिला थंडी अजिबात सोसत नाही. पण पानं बिनचमकीची, तीन भागांत विभागलेली आणि कडा करवती असतील तर ती रोज ऑफ शेरॉन असणार. ती न्यू जर्सीच्या बर्फात बाहेर आरामात राहते. तिला आत आणलंत तर उलट तिचं बिघडेल.

आता फांद्यांकडे येते, कारण या पत्राचं खरं उत्तर मला तिथेच दिसतं. "छाटायचा हात होत नाही" असं तुम्ही लिहिलंय. सासूबाईंच्या मोगऱ्याच्या बाबतीत ते मी समजू शकते. पण ताई, फांदीपासून वाढवलेला मोगरा हा त्या मोगऱ्याचा मुलगा किंवा नातू नसतो. बियांपासून आलेलं रोप वेगळं निघू शकतं, फांदीचं नाही. ते तेच झाड असतं, तीच पाकळी, तोच वास. सासूबाईंनी लावलेलं झाड आज एकाच कुंडीत आहे, म्हणजे एका चुकलेल्या रात्रीवर अवलंबून आहे. तेच चार छोट्या कुंड्यांत, त्यातल्या दोन मैत्रिणींच्या घरी असेल, तर तुम्ही सहा आठवडे निर्धास्त जाल.

मोगऱ्याची फांदी निवडताना या वर्षीची वाढ घ्या: शेंडा हिरवा, बुडाशी जेमतेम तपकिरी व्हायला लागलेली, कळी नसलेली. बोटांत धरून वाकवली तर लवते पण पिचकत नाही, अशी. साधारण चार-पाच इंच लांब. छाटणीची कात्री किंवा ब्लेड आधी रबिंग अल्कोहोलने पुसा आणि पेराच्या, म्हणजे जिथून पानं फुटतात त्या गाठीच्या, लगेच खाली कापा. मुळं त्या गाठीजवळून सहज फुटतात, दोन पेरांच्या मधल्या भागातून फुटायला कुरकुरतात. खालची पानं काढून टाका, वर दोन-चार ठेवा, मोठी असतील तर निम्मी कापा. बूड रूटिंग पावडरीत (मुळं फुटायला मदत करणाऱ्या) टेकवून जादाची झटका. परलाइट (हलके पांढरे दाणे) आणि कोकोपीट समभाग मिसळून दमट करा, पेन्सिलीने भोक पाडा आणि त्यात फांदी रोवा. नुसती ढकललीत तर पावडर वरच पुसली जाते. वरून पारदर्शक पिशवी किंवा बूड कापलेली पाण्याची बाटली झाका, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. चार ते सहा आठवडे लागतील. मध्येच ओढून मुळं आली का हे बघू नका, आलेली कोवळी मुळं तुटतात. शेंड्याला नवं पान दिसलं की समजा. एखादी फांदी गेली तर मन खट्टू होऊ नये म्हणून सहा-आठ फांद्या तरी लावा.

जिरेनियमचं तंत्र उलटं आहे. तिथे झाकण घातलंत की बूड काळं पडून कुजतं. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, खोडात पाणी साठवणारं. तीन-चार इंचांची फांदी पेराखाली कापा, कळ्या आणि देठाशी असलेली कागदासारखी बारीक उपपर्णं खुडा, आणि वर्तमानपत्रावर सावलीत काही तास पडू द्या म्हणजे काप सुकतो. मग जेमतेम दमट मिश्रणात खोचा आणि उघडीच ठेवा. दोन ते चार आठवड्यांत मुळं धरतात. पावडर नसली तरी चालतं. सात मोठ्या कुंड्यांऐवजी दोन ट्रेमध्ये पंधरा रोपं एका खिडकीत मावतील, आणि जुनी झाडं फ्रॉस्टच्या स्वाधीन करताना मनाला लागणार नाही.

हे सगळं आत्ताच का? फांदी थंडीने दुखावली की मुळं धरत नाही म्हणून एक, आणि तुमच्या प्रवासामुळे दुसरं. या आठवड्यात लावलेल्या फांद्या ऑक्टोबरअखेर मुळं धरतील, नोव्हेंबरात छोट्या कुंड्यांत जातील आणि तुम्ही निघेपर्यंत बसलेल्या असतील. ऑक्टोबरात लावल्यात तर ऐन नाजूक अवस्थेत त्यांना सोडून जावं लागेल.

तुळशीचा विषय नाजूक आहे, तरी स्पष्ट लिहिते. तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की तुळस खचते, आणि घरात आणलेली मोठी, फुलून गेलेली तुळस हिवाळाभर झुरत राहते. आपल्या गावाकडच्या वृंदावनातली तुळस तरी वर्षानुवर्षं एकच कुठे असते? मंजिरी गळतात, खाली रोपं उगवतात, जुनी वाळते आणि पूजा चालू राहते. तुम्हीही वाळलेल्या मंजिरी कागदाच्या पुडीत बांधून ठेवा, मार्च-एप्रिलमध्ये आत पेरा. शिवाय आत्ता मंजिरी नसलेल्या तीन-चार कोवळ्या फांद्या पेलाभर पाण्यात ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. इंचभर झाली की मातीत लावा, पाण्यातच लांबू दिलीत तर मग मातीत रुळत नाहीत. तुळशीचं लग्न कार्तिकात, म्हणजे बहुतेक वेळा फ्रॉस्टनंतर येतं. तोवर हे रोप देवापुढे ठेवण्याजोगं झालेलं असेल.

राहता राहिला कढीपत्ता. त्याची फांदी शरद ऋतूत सहसा लागत नाही, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. कुंडीत मुळाशी फुटवे असतील तर ते वसंतात, झाड वाढीला लागल्यावर, मुळासकट वेगळे करा. मावशींनी तुम्हाला दिला तसाच. आत्ता मोठं झाडच आत यायला हवं, आणि रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागेल त्याच्या आधी. मोगरा आणि चकचकीत पानांची जास्वंदही त्याच सुमाराला. फ्रॉस्टची वाट बघायची ती अळू-डेलियासाठी, यांच्यासाठी नव्हे. शक्य तर घरातलं हीटिंग सुरू होण्याआधीच आणा. बाहेरची दमट हवा सोडून एकदम कोरड्या गरम हवेत आलेलं झाड जास्त हबकतं.

गेल्या वर्षी पानं गळाली आणि तुम्ही पाणी वाढवलंत. या एका गोष्टीवर थांबावंसं वाटतं, कारण अशी पत्रं दर हिवाळ्यात येतात. आपल्याला वाटतं, झाड दुःखी दिसतंय, तहानलं असेल. पण जूनमध्ये तुमच्याकडे दिवस पंधरा तासांचा असतो आणि डिसेंबरच्या शेवटी सव्वानऊ तासांचा. त्यातही खिडकीच्या आत येणारा उजेड बाहेरच्या मानाने फारच कमी. एवढ्या उजेडात कढीपत्ता सगळी पानं पोसू शकत नाही, म्हणून तो ती टाकतो आणि थांबून राहतो. पानं कमी तर पाणी ओढणारंही कोणी नाही. अशा वेळी घातलेलं पाणी मातीत साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. उन्हाळ्यात रोज पाणी पिणारं हेच झाड हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा पितं. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच घाला, ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या, आणि खत आता एप्रिलपर्यंत बंद. झाड जिवंत आहे का ही शंका आली तर नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं की निश्चिंत राहा.

आत येणाऱ्या प्रत्येक झाडाची कीड बाहेरच काढा, जास्वंदीची तर नक्कीच. पांढरी माशी, मावा, लाल कोळी हे पानाच्या खालच्या बाजूला असतात. पाइपच्या जोरदार फवाऱ्याने पानं खालून धुवा, मग कीटकनाशक साबणाचा फवारा संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. भांडी घासायचा साबण वापरू नका, त्याने पानं भाजतात. कढीपत्त्याच्या खोडावर तपकिरी खवले दिसले तर जुन्या टूथब्रशने घासून काढा. पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत कापसासारखा दिसतो, त्याला अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस लावा. जास्वंद एक तृतीयांश छाटा. आत आल्यावर कळ्या गळतीलच, तिकडे लक्ष देऊ नका.

बहिणीला मात्र प्रेमाने नाही म्हणा. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबू-संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त करणारा ग्रीनिंग रोग ज्या किडीमुळे पसरतो ती कढीपत्त्यावर जोमाने वाढते. फ्लोरिडा त्यासाठी क्वारंटाइनमध्ये आहे आणि तिथून कढीपत्त्याचं रोप पोस्टाने पाठवण्यावर निर्बंध आहेत. पुण्याहून परतताना बॅगेत ताजी डहाळी किंवा रोप आणायचा मोहही टाळा, कारण तेच आहे. नवं हवंच असेल तर तुमच्याच भागातल्या नर्सरीतून घ्या, किंवा ओळखीत कोणाच्या कुंडीत फुटवा आहे का विचारा.

म्हणजे जड अशा कुंड्या उरल्या चार: कढीपत्ता, जुना मोगरा, जास्वंद आणि बोगनवेल. उचलण्याआधी दोन दिवस पाणी देऊ नका, वजनात चांगलाच फरक पडतो. चाकांची कुंडी-गाडी आणि पायरीवर टाकायला जाड फळी घ्या. तरीही यजमानांना वाकू देऊ नका. ओळखीतली दोन तरुण मुलं शनिवारी तासाभरासाठी बोलवा, पैसे द्या, पोहे करा. कढीपत्ता मातीच्या कुंडीत असेल तर वसंतात हलक्या प्लॅस्टिकच्या कुंडीत घ्या. आत्ता कुंडी बदलू नका, थकलेल्या मुळांना तो त्रास नको.

प्रवासाच्या काळात घराचं हीटिंग ५५ फॅरनहाइटवर ठेवून जाल असं धरते. नळ गोठू नयेत म्हणून बहुतेक जण ठेवतात. तुम्हाला याची धास्ती वाटेल, पण जुन्या मोठ्या झाडांना ते चांगलंच मानवतं: थंड, शांत आणि कमी तहान. दक्षिणेच्या खिडकीजवळ ठेवा, पण पानं काचेला टेकू देऊ नका, कडाक्याच्या रात्री तेवढीच पानं काळी पडतात. छोट्या रोपांना मात्र ऊब आणि उजेड दोन्ही लागतं. ती टायमर लावलेल्या एलईडी दिव्यासकट, रोज बारा-चौदा तासांच्या हिशेबाने, एखाद्या मैत्रिणीकडे नेऊन ठेवा. पाणी घालायला येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी प्रत्येक कुंडीला कागदी चिकटपट्टी लावा आणि त्यावर लिहा: "दर बारा दिवसांनी दोन वाट्या", "फक्त महिन्यातून एकदा", "पाणी नको". परोपकारी शेजारी रोज थोडंथोडं घालतात आणि परत येईपर्यंत मुळं गेलेली असतात.

जानेवारीअखेर दार उघडाल तेव्हा कढीपत्ता बहुधा उघडाबोडका उभा असेल. नख लावून बघा, हिरवं असेल तर काही करू नका. फेब्रुवारीच्या शेवटी, दिवस मोठा व्हायला लागल्यावर, शेंडे छाटा, म्हणजे एकाऐवजी दोन-तीन फांद्या फुटतील. नवी पालवी दिसली की पाणी हळूहळू वाढवा. एप्रिलमधल्या एखाद्या उबदार रविवारी सगळं बाहेर काढावंसं वाटेल, पण मेच्या मध्यापर्यंत थांबा. काढल्यावरही पहिला आठवडा-दहा दिवस डेकच्या सावलीत ठेवा आणि रात्री गारठा असेल तर आत घ्या, कारण खिडकीतल्या उजेडात आलेली पानं थेट उन्हात एका दुपारीत भाजून पांढरी पडतात.